नववा तारा

“मग नववा तारा ठेवायचा तरी कशासाठी, मामा?”

बारानिकोने तिसऱ्यांदा विचारलं. म्हातारा तेकाई मांडीवर काथ्या घासून दोरी वळत होता. त्याने मान वर केली नाही.

प्रशांत महासागरातल्या त्या चिमुकल्या देशाची बेटं नऊ, म्हणून झेंड्यावर तारे नऊ. त्यांतलं तारोई बेट चार वर्षांपूर्वी समुद्राने गिळलं. मामा-भाचे दोघेही तारोईचेच; बेट गेल्यावर मामाही राजधानीत येऊन राहिला होता. ताऱ्यांवरून होडी हाकायला बारानिको या मामाकडेच शिकला. आता तो राजधानीत झेंडा समितीचा सचिव होता, आणि ते पद त्याच्या अंगात चांगलंच भिनलं होतं. तारोईतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा, म्हणजे तेकाईचा, अंगठा संमतीच्या कागदावर उमटला, की तारा उतरणार होता.

“झेंड्याने खरं बोललं पाहिजे,” तो म्हणाला. “निळा रंग म्हणजे आपला समुद्र. पिवळा पट्टा म्हणजे ऊन. तारा म्हणजे बेट. बेटच नाही, तर तारा कसला? जग हसतं आपल्याला.”

“हसतं?”

“हसतं.”

म्हाताऱ्याने दोरी बाजूला ठेवली. कोपऱ्यातली करवंटी ओढून चटईवर उपडी केली. नऊ खडे पडले.

“मांड.”

बारानिकोला हसू आलं. लहानपणी यातला एक खडा चुकला तरी कानाखाली बसायची. त्याने नऊ बेटं भराभर जागच्या जागी मांडली.

“आता तारोई काढ.”

बोटं जराशी अडखळली. पण त्याने खडा उचलला आणि खिशात टाकला.

“मातेलूहून ओनुकाला जा.”

तिकडच्या दर्यावर्दींची रीत अशी, की एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना तिसरं एक बेट बाजूला धरायचं. ते क्षितिजापलीकडे असतं, वाटभर एकदाही दिसत नाही. ते आता कोणत्या ताऱ्याखाली आलं असेल, हे मनात धरायचं आणि त्यावरून आपण किती आलो ते ओळखायचं.

“मातेलू सोडलं,” बारानिको घडाघडा म्हणू लागला. “ओनुकावरचा तारा होडीच्या पुढच्या टोकासमोर घेतला. पहिली रात्र सरली. आता बाजूचं बेट आलं...”

बोट चटईवरून सरकत गेलं आणि थांबलं.

तिथे खडा नव्हता.

त्याने बोट चटका बसल्यासारखं मागे घेतलं. तारोईवर त्याची आई पुरलेली होती. झेंड्याच्या या कामात इतक्या दिवसांत ती त्याला एकदाही आठवली नव्हती.

“दुसरं कुठलं बेट धरशील?” म्हाताऱ्याने विचारलं.

“नाही... त्या वाटेला तारोईच.”

बारानिकोला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आला.

“झेंडा बघून कुणी होडी हाकत नाही, मामा. यंत्रं आलीत आता. अन् संध्याकाळी समिती बसणार आहे. मी रिकाम्या हाताने कसा जाऊ?”

बोलून गेला आणि त्याचं तोंड कडू झालं. कागद फाडून टाकावा असं त्याला अगदी मनापासून वाटलं. फाडायचं धाडस मात्र झालं नाही. उलट त्याने घडी उलगडली आणि शाईची डबी शेजारी ठेवली.

म्हाताऱ्याने कागद स्वतःकडे ओढला.

मग त्याने काथ्याने खरखरीत झालेला अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. चांगला दाबून टेकवला. सचिवाचं काम झालं.

बारानिको उठला, पण त्याचा पाय दारातून निघेना.

“मामा... मनात राग तर नाही ना?”

तेकाईने पुन्हा काथ्या उचलला.

“राग कसला? समुद्राने अख्खं बेट नेलं. पण अंगठा मागायला तो माझ्या दारात आला नाही.”