लाखेची गाठ

फार फार मागची गोष्ट. इतकी मागची, की सांगणाऱ्यांनाही त्या राजाचं नाव आठवत नाही. लहानांनो, ऐका. आणि ऐकत नाही असं दाखवून कान इकडे लावलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

एका नगरात एक रंगशाळा होती. तिथं सहा नर्तकी नाचायच्या. रंगशाळेच्या मागच्या दाराशी एक गजरेवाली बसायची. हात फुलांत आणि डोळे दारात. कोण हसत आली, कोण रडत गेली, कुणाचं कुणाशी बिनसलं, सगळं तिला ठाऊक. लोक तिला भोचक म्हणत. ती म्हणे, "देवानं डोळे दिलेत, ते काय झाकून ठेवू?"

रंगशाळेचा मालक बोलायला मोठा गोड. "या पोरी माझ्या चाकर नाहीत हो," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "पाखरं आहेत. माझ्या झाडावर बसतात, मनात आलं की उडून जातात."

पण गजरेवालीला दारातून एक गोष्ट रोज दिसायची. नर्तकींनी पायांत घुंगरू बांधले, की मालक प्रत्येकीच्या गाठीवर गरम लाख ओतायचा आणि वर आपली अंगठी दाबायचा. खेळ संपला की ती लाख तोच फोडायचा. का, तर घुंगरू काढून, आवाज न करता मध्येच कुणी एखाद्या लग्नघरी नाचायला जाऊ नये. जिनं आपल्या हातानं लाख फोडली, तिला पुन्हा रंगशाळेची पायरी नाही. आणि नगरात दुसरी रंगशाळा नव्हती.

एका संध्याकाळी मंचावर दिव्याचं तेल सांडलं. सगळ्यांत धाकट्या नर्तकीनं ते मालकाला दाखवलं. "लोक बसलेत. नाच," तो म्हणाला. ती नाचली, आणि तिसऱ्या गिरकीला पडली. घोटा मोडला. मालक संतापला. "नाच पुरा झाला नाही. लाख फुटणार नाही," एवढं बोलून तो निघून गेला.

सकाळी गजरेवाली आली, तर पोर मागच्या पायरीवर बसलेली. पाय वांग्यासारखा जांभळा. घुंगरांची दोरी मांसात रुतलेली.

"अगं बाई, आण तो पाय इकडे. कात्री आहे माझ्याकडे."

"नको, मावशी." पोरीनं पाय मागं ओढला. "मालक नाही म्हणालेत. ही पायरी सुटली तर घरातली चार तोंडं काय खातील?"

गजरेवाली वैद्याला घेऊन आली. त्यानं बोट दाबून पाहिलं आणि मान हलवली. "दुपारच्या आत दोरी सुटली नाही, तर पाय जाईल. सुटली तरी तीन महिने लेप आणि अंथरूण. हे सगळं करणार कोण?"

त्या राज्यात एक कायदा होता. ज्याच्या चाकरीत माणूस पडेल, त्यानंच त्याला उभं राहीपर्यंत सांभाळायचं. गजरेवालीनं फुलांची गाडी रिकामी केली, पोरीला तिच्यावर बसवलं आणि थेट न्यायाधीशाचं दार गाठलं. वैद्य मागून आला. त्याच्यामागं बाकीच्या पाच जणीही आल्या.

मालकाला बोलावणं गेलं. आत येताना तो गजरेवालीच्या कानाशी वाकला. "माझ्या भिंतीला टेकून बसतेस. विसरू नकोस."

पण ती जागची हलली नाही.

मालकानं कागद पुढं ठेवला. "महाराज, ही चाकर कुठं आहे? मी हिला पगार देत नाही. लोक खुशी देतात, त्यातला मंचाचा वाटा फक्त मी घेतो. 'स्वतंत्र कलावंत' असं लिहिलंय, खाली हिचा अंगठा आहे. पडली, वाईट वाटलं. पण शेजारचं कुणी पडलं, तर मी का निस्तरायचं?"

न्यायाधीशानं कागद दोनदा वाचला. कागदात खोट नव्हती. दारातलं ऊन आतून उंबऱ्याकडे सरकत होतं. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. वैद्य एकदा उन्हाकडे बघे, एकदा पायाकडे.

"महाराज," गजरेवाली म्हणाली. "मला वाचता येत नाही. कागदातलं कळत नाही. तुम्ही एवढंच करा, हिला घुंगरू काढायला सांगा."

न्यायाधीशाला नवल वाटलं. "काढ, मुली."

पोर वाकली. बोटं लाखेपर्यंत गेली आणि थांबली. तिनं मान वळवून मालकाकडे पाहिलं. दाराशी उभ्या पाच जणींनीही मालकाकडेच पाहिलं. आणि मालकाचा अंगठीचा हात रोजच्या सवयीनं वर गेला.

"हां. माझ्याशिवाय लाखेला हात लावायचा नाही."

मालकानं हात हळूच खाली घ्यायला घेतला, पण उशीर झाला होता.

"राजाचा न्यायाधीश काढ म्हणाला," न्यायाधीश म्हणाला, "तरी ती तुझं तोंड बघतेय. पाखरू झाडाला विचारून उडतं का रे? फोड ती लाख. आणि ही चालू लागेपर्यंत हिचं औषध आणि हिच्या घरची चूल तुझ्याकडे. पुढं लाख ठेवायची असेल, तर या सहाही जणींची जबाबदारी ठेव. जबाबदारी नको असेल, तर लाखही नको."

मालकानं लाख फोडली. पाय वाचला. करंगळी मात्र गेली.

तीन महिने मालकानं सगळं निमूट केलं. मग पुढची जबाबदारी नको म्हणून लाखेची वाटी विहिरीत फेकून दिली. लग्नसराई आली. सहाही जणींना घरोघरची बोलावणी येऊ लागली. मंच ओस पडला. मालक मागच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"आज कुणी येणार आहे का गं? तुला सगळं ठाऊक असतं."

गजरेवालीनं दोऱ्यात फूल ओवलं. "मला काय ठाऊक, मालक? पाखरं आहेत ती."

म्हणून ध्यानात ठेवा: ज्याच्या हाती दुसऱ्याच्या पायाची गाठ, त्याच्याच माथी त्या पायाचा भार.