टार्पियन कड्याची वाट

म्हाताऱ्या मानियसची शेळी टार्पियन कड्याच्या कपारीत अडकली. तिला सोडवायला तो खालून चढला आणि उतरायचं सोडून, तिला खांद्यावर टाकून थेट माथ्यावर पोहोचला. तिथे पहारेकऱ्यांनी त्याला धरलं. रोममध्ये फितुरांना ढकलून देत, तो हाच कडा. तो चढता येतो, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी रोमचा कारभार कॉन्सुल टिशियसकडे होता. माणूस प्रामाणिक, पण बोललेला शब्द मागे घेणं त्याला जमायचं नाही. भर उन्हाळ्यात एकदा ‘आज हा लोकरी अंगरखा उतरवणार नाही’ असं बोलून गेला आणि दिवसभर घाम पुसत बसला.

“शत्रूला वर यायची वाट दाखवतो, तो फितूरच,” बातमी कळताच माथ्यावर येऊन तो गरजला. “ज्युपिटरची शपथ, सूर्य मावळायच्या आत हा माणूस याच कड्यावरून खाली जाईल!”

मानियसची मुलगी व्हिबिया धापा टाकत आली. “सरकार, शेळीमागे गेलेला माणूस फितूर कसा?”

टिशियसने म्हाताऱ्याकडे पाहिलं आणि तो जरा वरमला. “पण शपथ घेऊन बसलोय, पोरी. ती मोडणार नाही आणि तुझा बापही वाचेल, असं काही सुचत असेल तर सांग.”

व्हिबियाने कड्यावरून खाली डोकावलं. मग बापाकडे वळून तिने विचारलं, “बाबा, उतरता येईल?”

“चढलो तसा उतरेन.”

“सरकार,” ती म्हणाली, “शपथेत आपण ‘खाली जाईल’ म्हणालात, ‘ढकलला जाईल’ नाही. बाबा खाली जातील. आले त्याच वाटेने, स्वतःच्या पायांनी.”

“आणि तिथे वाटच नसली तर?”

“तर त्यांनी कुणाला वाट दाखवलीच नाही. मग शिक्षा कसली?”

टिशियसने मानियसचे बांधलेले हात सोडायला लावले.

म्हातारा शेळीसकट उतरू लागला. टिशियस पोटावर पडून खाली बघत होता. “डावा पाय, डावा पाय,” तो वरून ओरडत होता. मानियस खाली टेकला, तेव्हा ऊन अजून होतं. टिशियस धूळ झटकत उठला आणि पोट धरून हसला. त्याने पायथ्याचं कुरण व्हिबियाच्या नावे केलं आणि ती वाट बुजवायचं काम तिच्या बापाला दिलं.