माशीच्या दारात

"मग फोटो हलतो काहून, बाबा?"

प्रणितानं कॅमेरा पुढं केला. नणंदेनं वापरून दिलेला, मुठीत मावेल एवढा. त्याच्या काचेवर नुसता पिवळा धुरळा दिसत होता. त्या धुरळ्यातच कुठंतरी माशी होती.

भोजराजबाबांनी मान वर केली नाही. ते मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. सोंडकिडा सापडला की चिमटीत अलगद धरायचे आणि शेजारच्या पळसाच्या पानावर सोडायचे.

गेल्या आठवड्यात प्रणिताच्या तीन वर्षांच्या तन्वीला माशी डसली होती. बघता बघता लेकराचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. श्वास घशात अडकला. डॉक्टरांनी सुई टोचून वाचवलं, पण बजावलंही, "पुन्हा डसली तर याहून वाईट होईल. मोठ्या दवाखान्यात दाखवा. आणि माशी कोणती होती त्याचा नीट फोटो न्या, म्हणजे पुढचं औषध ठरवायला बरं."

कोणती होती? सासू म्हणे गांधीलमाशी, शेजारीण म्हणे मधमाशी. नवऱ्यानं तर रागाच्या भरात त्याच संध्याकाळी वळचणीचं पोळं जाळून टाकलं होतं. राखेचा काय फोटो काढणार?

तसलं पोळं आता गावात एकाच जागी उरलं होतं. महानुभावांच्या या मठात, सरपणाच्या पडवीत. इथं मुंगीलाही कोणी धक्का लावत नसे. आणि बाबांना किड्यांचे फोटो काढायचा नाद. ओसरीच्या भिंतीवर टोळ, चतुर, भुंगे ओळीनं टांगलेले. टोळाच्या मिशा मोजून घ्याव्यात इतके स्वच्छ.

"जवळच्या फोटोचं ते फुलाचं चिन्ह लावलंस?" बाबांनी विचारलं.

"लावलं."

"चित्र जवळ ओढायचं बटण?"

"तुम्ही नको म्हणालात. हात नाही लावला."

"किती जवळ गेलीस?"

"नाक टेकेल एवढी. जितकं जवळ जाईन तितकं चांगलं दिसेल ना?"

बाबांनी तांदळाचा एक दाणा उचलला आणि तिच्या पापणीला लावला.

"काय आहे?"

"काहीच दिसत नाही, बाबा."

बाबांनी हात वीतभर मागं घेतला.

"अगंबाई, किडा!" प्रणिता दचकून मागं सरली.

"कॅमेऱ्यालाही डोळाच आहे, माय. वीतभर लांब राहा. बटण अर्धंच दाब. हिरवा चौकोन आला की श्वास सोड, आणि मग पुरतं दाब. ऊन चढायच्या आत जा. गारव्यात माश्या जड असतात."

ती गेली.

परत आली तेव्हा ओठ सुकले होते. कॅमेरा तिनं जवळजवळ आदळलाच.

"बघा! पुन्हा धुरळा. तुमची विद्या तुमच्या भुंग्यांपुरती दिसते. उद्या दवाखान्यात काय दाखवू मी? आणि पुन्हा डसली तर…"

आता मात्र बाबांनी निवडणं थांबवलं. कॅमेऱ्याकडं नाही, तिच्याकडं बघितलं. ओढणीनं कमरेला घट्ट बांधलेली तन्वी कडेवर होती. डोकं झाकलेलं, एक पाय मोकळा. तो पाय सारखा हलत होता, आणि त्याच्यासंगं आईचा दंडही.

"लेकराला घेऊन गेली होतीस?"

"मग काय करू? डोळ्याआड ठेवलं आणि काही झालं तर? त्या दिवशी भाकरी थापायला म्हणून खाली ठेवली होती. तेवढ्यातच तर…"

"जिला माशी डसू नये…" बाबा हळूच म्हणाले, "तिलाच घेऊन माशीच्या दारात उभी होतीस?"

प्रणिता खालीच बसली.

पडवीकडून बारीक घूं घूं येत होती. इतका वेळ ती होतीच…

बाबांनी तांदळाचं सूप बाजूला सारलं आणि दोन्ही हात पुढं पसरले.

ओढणीची गाठ सुटता सुटेना. तिनं ती स्वतःच इतकी आवळली होती की शेवटी दातांनी सोडवावी लागली. तन्वी मात्र खुशाल बाबांकडं गेली आणि जाताच तिनं दाढी ओढली.

"खोलीत बसा, बाबा. दार लावून घ्या."

"लावतो."

"खिडकी पण."

"तीही लावतो."

पडवीत ती एकटी होती. कोपर खांबाला टेकवलं. पोळं वीतभर लांब. कडेवर रिकामं रिकामं लागत होतं, जणू अंगाचा तुकडाच तोडून ठेवलाय. कान मागं खोलीच्या दाराकडं होते. आत तन्वी हसली की रडली, काही कळेना.

एका माशीनं डोकं फिरवलं. तिच्याकडं बघितलं.

पळ, असं पायांनी सांगितलं. प्रणितानं बटण अर्धं दाबलं. हिरवा चौकोन आला. तिनं श्वास सोडला…

टक्.

दार उघडायला लावून ती आत शिरली. आधी लेकराला नखशिखांत चाचपलं. मग कॅमेरा बाबांच्या पुढ्यात धरला. सुतासारखी कंबर, पिवळे पट्टे, काळा डोळा, पायाची नखीसुद्धा. सगळं स्वच्छ.

"गांधीलमाशी," बाबा म्हणाले. "डॉक्टरांना यात सगळं दिसेल."

प्रणिता मान डोलावत राहिली. मग तिनं उठून दाराची कडी चाचपली.

"भीती काही गेली नाही, बाबा."

बाबांनी ओसरीवर येऊन सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. एक सोंडकिडा चिमटीत धरला, पानावर सोडला.

"राहू दे तिला. फक्त कडेवर घेऊ नकोस."