पैलतीरावरचा अमोस

फार पूर्वीची ही गोष्ट, लहानथोरहो. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि जंगल माणसाच्या दारापर्यंत यायचं.

अशाच एका नदीच्या अलीकडच्या काठावर प्रभूला मानणाऱ्या लोकांची एक वस्ती होती. पन्नासेक घरं आणि मध्ये मातीच्या भिंतींचं एक प्रार्थनाघर. नदी खोल होती, तिच्यात मगरी होत्या. पलीकडे जायचं तर एकच साधन होतं. दोन काठांवरच्या दोन झाडांना एक जाड दोर ताणून बांधलेला होता आणि त्या दोराला धरून एक तराफा इकडून तिकडे ओढत न्यायचा. हे काम सलोमी नावाची एक विधवा बाई करायची.

एका वर्षी वस्तीत पटकीची साथ आली. पंधरा दिवसांत निम्मी घरं रिकामी झाली. वस्तीचे वडीलधारे प्रमुख होते अमोस. त्यांची बायको आणि दोन्ही मुली एकाच आठवड्यात गेल्या. मुलींना पुरून आल्यावर अमोस तीन दिवस घराबाहेर आले नाहीत. चौथ्या दिवशी प्रार्थनाघरात उभे राहिले आणि म्हणाले, "देव आपल्यावर कोपला आहे. आपलं काहीतरी चुकलं आहे. आता पुन्हा काही चुकता कामा नये."

अमोस वाईट माणूस नव्हते. ते भ्यालेले होते.

त्या दिवसापासून नियम सुरू झाले. आठवड्यातून दोन उपास. प्रभूच्या दिवशी, म्हणजे रविवारी, चूल पेटवायची नाही, गाव सोडून चालायचं नाही, दोराला हात लावायचा नाही. प्रार्थनेत मूल रडलं तर आईने बाहेर जायचं. ज्याच्याकडून चूक होईल त्याला प्रार्थनाघरात सगळ्यांना वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर नाही. दर आठवड्याला एखादा नवा नियम यायचा. साथ परत आली नाही, म्हणून लोकांना वाटलं, नियमांनीच ती अडवून धरली आहे. मग तर ते आणखीच घाबरले. आपल्या एका चुकीने सगळी वस्ती मरेल, असं प्रत्येकाला वाटू लागलं.

एका बाईला प्रार्थना चालू असताना शिंक आली. दुसऱ्या दिवशी ती अमोसांच्या दारात रडत उभी राहिली, "बाबा, शिंक धरतात का हो चुकीत?" अमोसांनी सगळे नियम मनात मोजून पाहिले. त्यांनी तिला एक उपास सांगितला.

हळूहळू वस्तीत हसणं बंद झालं. शेजारी शेजाऱ्यावर नजर ठेवू लागला. आभाळ गडगडलं की लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहायचे, आज कोणी काय केलं असेल?

अशात एका प्रभूच्या दिवशी पैलतीरावरून एका बाईच्या किंकाळ्या ऐकू आल्या. ती वस्तीतलीच मार्था होती. माहेराहून पायी परतताना वाटेतच तिला कळा सुरू झाल्या होत्या. लोक काठावर जमले आणि मान खाली घालून उभे राहिले. सलोमीने एकदा प्रार्थनाघराकडे पाहिलं.  मग तिने दोर धरला, तराफा पलीकडे नेला आणि मार्थाला घेऊन आली. सूर्य मावळायच्या आत मार्थाला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

अमोसांनी सलोमीला बोलावलं.

"तुला नियम माहीत होता?"

"होता, बाबा."

"मग?"

"ती ओरडत होती, बाबा. दुसरं काही सुचलंच नाही."

अमोसांनी डोळे मिटून घेतले. त्यांनाही ती किंकाळी ऐकू आली होती. पण त्यांच्या मनात दोन लहान कबरी होत्या. ते म्हणाले, "आजपासून तू मंडळीच्या बाहेर. तुझ्याशी कोणी बोलणार नाही. तुझ्यामुळे आमच्यावर संकट यायला नको."

तराफा दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हता, म्हणून तेवढं काम तिच्याकडे राहिलं. लोक तराफ्यावर चढायचे, तोंड फिरवून बसायचे आणि मुकाट्याने उतरायचे. मार्थासुद्धा बोलायची नाही, फक्त उतरताना बाळाचं तोंड सलोमीकडे करायची. प्रार्थनेच्या वेळी सलोमी बाहेर खिडकीखाली बसून ऐकायची. ती स्वतःलाही दोषीच समजत होती. विजा चमकल्या की ती झोपडीत गुडघ्यांवर बसून म्हणायची, "प्रभू, मारायचं तर मला एकटीला मार."

वर्ष गेलं. वैशाख आला. जंगल वाळून कोरडंठाक झालं होतं.

अमोस पलीकडच्या डोंगरातल्या एका वाडीला गेले होते. तिथेही नियम घालून द्यायचे होते. शनिवारी संध्याकाळपर्यंत परतायचं ठरलं होतं, पण उशीर झाला आणि ते रानातच एका खडकावर मुक्कामाला थांबले. पहाटे जाग आली ती धुराच्या वासाने. वणवा लागला होता.

तो प्रभूचा दिवस होता. चालायचं नाही हा त्यांचाच नियम होता. अमोस खडकावर बसून राहिले. धूर दाट झाला. ससे, भेकरं, रानडुकरं त्यांच्या अंगावरून उड्या मारत नदीकडे पळाली. शेवटी ज्वाळा दिसल्या, तेव्हा अमोसही उठले आणि पळाले.

भर दुपारी वस्तीतले लोक प्रार्थनाघरातून बाहेर आले, तर समोरचं सगळं रान पेटलेलं. आणि पैलतीरावर एक माणूस उभा. अंगरख्याची एक बाही जळून गेलेली, दाढी राखेने भरलेली. लोकांनी अमोसांना ओळखलं.

एक जण धावत दोरापाशी गेला. दोराला हात लावणार, तोच त्याने तो मागे घेतला.  आगीचा आवाज इकडे ऐकू येत होता. सगळे अमोसांकडे पाहत होते. त्यांनी एक शब्द म्हटला असता तर लोक धावले असते.

अमोसांनी हात वर केले आणि ओरडले, "दोराला हात लावू नका! मी आज चाललो, मी नियम मोडला. हा माझा न्याय आहे. तुम्ही हात लावलात तर तो तुमच्यावरही येईल!"

लोक दोन पावलं मागे सरले.

गर्दीतून वाट काढत सलोमी पुढे आली. तिने पदर खोचला आणि तराफ्यावर पाय ठेवला.

"सलोमी, नको!" पलीकडून अमोस ओरडले. "आधीच एक डाग आहे तुझ्यावर!"

 ती दोर ओढत राहिली. वाऱ्याने ठिणग्या तिच्या अंगावर येत होत्या. तराफा पैलतीराला लागला तेव्हा आग काठापासून वीस पावलांवर होती.

"चला, बाबा."

"मी पात्र नाही गं."

"ते मला माहीत आहे. चला."

अमोस हलेनात.  सलोमीने त्यांचं मनगट धरलं आणि ओढून त्यांना तराफ्यावर आणलं. तराफा अर्ध्या नदीत आला असेल, तोच मागे मोठा आवाज झाला. ज्या झाडाला दोर बांधला होता तेच पेटून कोसळलं. दोर सैल पडला आणि तराफा प्रवाहाबरोबर वाहू लागला. सलोमीने दोराचे दोन वेढे आपल्या हाताला दिले आणि ती पालथी पडून राहिली. दोर तिच्या कातडीत रुतला. खालच्या डोहात मगरींच्या पाठी दिसत होत्या.

आता त्या दोघांना काठावरचे लोकच ओढू शकत होते.

पाठीशी मूल बांधलेली मार्था सगळ्यांच्या पुढे धावली. तिने दोर धरला आणि वळून किंचाळली, "अरे, बघत काय उभे आहात? धरा!"

ती एकटी ओढत होती. तिचे पाय चिखलात घसरत होते. मग मघाचा तो माणूस धावला. मग शिंक आलेली ती बाई. मग कोण आधी आणि कोण नंतर हे कळलंच नाही. सगळी वस्ती दोराला लागली. तराफा वळला, हळूहळू काठाकडे येत गेला आणि चिखलात रुतून थांबला.

लोकांनी दोर सोडला आणि आभाळाकडे पाहिलं.  सगळ्यांनी मिळून नियम मोडला होता. आता काहीतरी कोसळणार होतं.

वरून फक्त राख पडत राहिली.

अमोस चिखलात बसले होते. त्यांनी सलोमीचा रक्ताळलेला हात पाहिला. "मी तुला बाहेर काढलं होतं," ते म्हणाले. "तू का आलीस?"

सलोमीला दम लागला होता. ती म्हणाली, "बाबा, प्रभू आपल्याला वाचवायला जगात आला, तेव्हा आपण काय धुतलेल्या कपड्यांत उभे होतो? आगीतच होतो की. मला हे वर्षभर खिडकीखाली बसून कळलं नाही. आज तुम्ही 'पात्र नाही' म्हणालात, तेव्हा कळलं."

अमोस भर लोकांत मोठ्याने रडले. मुलींना पुरताना ते रडले नव्हते, ते सगळं त्या दिवशी बाहेर आलं.

पुढच्या प्रभूच्या दिवशी सलोमी प्रार्थनाघरात आत बसली होती. अमोसांनी भाकर मोडली, सगळ्यांना दिली, पण स्वतः घेईनात. तेव्हा सलोमी उठली. तिने फडकं बांधलेल्या हाताने एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. अमोसांनी तो खाल्ला. खाताना ते अधूनमधून वर छपराकडे पाहत होते. इतक्या वर्षांची भीती एका दिवसात जात नाही. पण त्यानंतर त्या वस्तीत भाकरीवाचून कोणी परत गेलं नाही. लोक प्रभूच्या दिवशी पूर्वीसारखीच विश्रांती घेत. मात्र पैलतीरावरून कोणाची हाक आली, तर सगळ्यांत आधी कोण धावणार, यावरून तरुणांत भांडणं होत.

बोध: नियम माणसाला त्याची चूक दाखवतो, पण आगीतून त्याला काढून आणते ती कृपाच.