मामंजींचा कोट आणि गच्चीची फरशी

गच्चीवर फरशी बसत होती. सासऱ्यांनी मिस्त्रीला बजावलं, "भिंतीपर्यंत घट्ट बसव. फट ठेवलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

इस्माईल मिस्त्री काकुळतीला आला. "साहेब, उन्हानं फरशी फुगते. जागा नसली की उचकटते, अन् नाव माझं खराब होतं."

"मला शिकवतोस? तीस वर्षं बांधकाम खात्यात होतो!"

मी चहा देता देता विचारलं, "मामंजी, तुमच्या लग्नातला कोट तुम्हाला आमच्या लग्नात कसा हो बसला?"

"शिंप्यानं शिवणीत दोन बोटं माया ठेवली होती," ते ऐटीत म्हणाले. "उसवून घेतली."

"मग फरशीनंच काय घोडं मारलंय?"

त्यांचा हात नकळत पोटावरून फिरला. "ठेव बोटभर फट," ते मिस्त्रीला म्हणाले. "पण वरून गोल पट्टी लाव. कुणाला दिसता कामा नये."

"शिंप्यालाही अगदी हेच सांगितलं होतंत," सासूबाई जिन्यातून म्हणाल्या.