चंडक पंगतीला बसतो

पूर्वी सुमेखल नावाच्या नगरात पद्मरथ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. त्याची मडकी पक्की आणि मन मऊ. या मऊ मनाचा ताप मात्र त्याची बायको कुवलया हिला होई.

एकदा तो बाजारातून मडकी विकून परतला, तो गाडीत एक कुत्रा घालूनच. व्यापाऱ्यांच्या एका तांड्यातल्या इतर कुत्र्यांनी त्याचा अर्धा कान तोडला होता, आणि तांडेवाल्यांनी त्याला वाटेत टाकून दिले होते. त्याचे नाव ठेवले चंडक. माणसांपुढे हा चंडक अगदी गरीब गाय. पण दुसरा कुत्रा दिसला की त्याच्या अंगात येई. आठवडाभरात त्याने निम्म्या नगराच्या कुत्र्यांशी वैर धरले आणि नगरशेठच्या लाडक्या कुत्र्याची शेपटी फाडली.

कोतवाल दारात आला. त्या नगरात सुगी संपली की शेते राखल्याबद्दल सगळ्या कुत्र्यांना वेशीवर दूधभाताची पंगत देत.

"पंगतीला दोन महिने आहेत, कुंभारा," कोतवाल म्हणाला. "तिथं हा गुमान जेवला तर राहील. भांडला, तर बिबट्याच्या रानात सोडून येईन."

कुवलयाने तोवर चंडकाला उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते. पण कोतवाल गेल्यावर तो मुकाट्याने तिच्या पायाशी येऊन पडला, आणि तिने त्याला आत घेतले.

बोधिसत्त्वाला वाटले, सवय मोडायची तर कुत्र्यांतच न्यावे. दुसऱ्या दिवशी दोरी मनगटाला गुंडाळून तो चंडकाला थेट भर बाजारात घेऊन निघाला. परतला तेव्हा धोतर फाटलेले, गुडघे सोललेले, कुत्रा पुढे आणि कुंभार फरफटत मागे.

कुवलया हळद लावत म्हणाली, "अहो, ओलं मडकं तुम्ही कधी आव्यात भाजायला घालता का?"

"छे! तडकेल की. आधी सावलीत सुकवायचं, मग उन्हात, मग आवा."

"मग या बिचाऱ्याला एकदम आव्यात कशाला घातलंत? आणि मी दारातून पाहिलं, समोर कुत्रा आला की हा गुरगुरायच्या आधी तुमचीच दोरी ताठ होते."

बोधिसत्त्व खजील झाला, पण त्याला पटले.

शेजारचा म्हातारा कुत्रा दिवसभर पारावर लोळत असे. त्याला पाहूनही चंडक गप्प राहील, इतक्या लांब बोधिसत्त्वाने जमिनीवर एक खापर ठेवले. ती जागा निघाली नव्वद पावलांवर. चंडकाने त्या कुत्र्याकडे पाहिले की भाकरीचा तुकडा मिळे, आणि दोरी सैल राही. तो शांत राहिला की खापर दोन पावले पुढे. गुरगुरला की चार पावले मागे, न रागावता. पहिले आठ दिवस खापर मागेच जात राहिले.

"कुंभार कुत्र्याला जमीन मोजायला शिकवतोय!" लोक पोट धरधरून हसले. कुवलया भाकऱ्या थापून थकली, पण तिने एकही दिवस चुकवला नाही. मग खापर हळूहळू पुढे सरकू लागले, आणि सुगी संपता संपता पारापासून थोड्याच पावलांवर आले.

पंगतीच्या दिवशी बोधिसत्त्वाने चंडकाची पत्रावळ रांगेच्या शेवटी, जरा लांबच मांडली. शेजारी तेच खापर ठेवले. नगरशेठचा कुत्रा समोरून गेला. चंडकाच्या मानेवरचे केस उभे राहिले. चंडकाने वळून कुंभाराकडे पाहिले. दोरी सैलच होती. मग तो खाली बसला आणि दूधभात खाऊ लागला. कुवलयाला रडूच फुटले.

तेवढ्यात रांगेच्या दुसऱ्या टोकाला गुरगुर सुरू झाली. पहिली पत्रावळ आपल्याच कुत्र्याची, म्हणून कोतवाल आणि नगरशेठ एकमेकांच्या उपरण्याला धरून उभे होते. सगळे कुत्रे खायचे थांबून त्यांच्याकडे पाहू लागले.

कुवलयाने डोळे पुसले आणि खापर उचलून नवऱ्याच्या हातात दिले. "जा. यांना नव्वद पावलं पुरायची नाहीत."

आपल्या पूर्वजन्मीची ही गोष्ट सांगून शास्ते विहारात जमलेल्या भिक्षूंना म्हणाले, "भिक्षूंनो, आज सकाळी पहिल्या आसनावरून हमरीतुमरीवर आलेले तुम्ही दोघे त्या जन्मी कोतवाल आणि नगरशेठ होतात. चंडक म्हणजे रांगेच्या टोकाला गप्प जेवणारा हा नवा भिक्षू. कुवलया म्हणजे रोज आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका. आणि तो कुंभार मीच होतो. चार पावले मागे जावे लागले तरी जो रागावत नाही, त्याच्या गुणाला क्षांती म्हणतात."

दुसऱ्या दिवशी पहिले आसन रिकामे होते. ते दोघे भिक्षू विहाराच्या दोन टोकांना बसून, अधूनमधून एकमेकांकडे पाहत, शांतपणे जेवत होते.