शेवटची रांग

“आणि चित्रं? तुमची चित्रं कुठं आहेत, अण्णा?”

केतकी सहा वर्षं परदेशात चित्रकला शिकून आली होती. नाटकांचे पडदे रंगवून गावोगाव नाव झालेले दत्तोबाअण्णा चिकोडे! तिला वाटलं होतं, भिंतभर चित्रं असतील, पायाशी शिष्य असतील, उंबऱ्याशी चपलांचा ढीग असेल. इथं होतं एक बंद पडलेलं नाट्यगृह, रंगमंचावर टांगलेला अर्धवट पडदा आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसलेला एकटा म्हातारा.

“पडदे फाटले,” अण्णा म्हणाले. “एकाची तर कुणीतरी बैलगाडीला ताडपत्री केली. रंग चांगला हुता म्हणे. गळली न्हाई.”

ते हसले. केतकीला हसू आलं नाही.

“मला शिष्य करून घ्या. हा शेवटचा पडदा आपण पुरा करू. तुमचं काम मी जगापुढं नेईन.”

ती पडद्याला नाक लावून उभी राहिली. नदीचा घाट होता म्हणे. जवळून नुसते पांढरे फराटे, निळे डाग.

“पाणी कच्चं राहिलंय. मी सुधारू?” तिनं कुंचल्याकडे हात नेला.

अण्णांनी कुंचला मागं ओढला. दूर अंधाराकडे बोट केलं.

“तिथं जाऊन बस. शेवटच्या रांगेत.”

“मी रंगवायला आलेय. बघायला नाही.”

“मग जा बाई. पाचची एसटी मिळंल.”

“अण्णा…”

“हात हितं असतो पोरी, डोळा तिथं. चाळीस वर्षं आमची पारू तिथं बसायची. ‘अहो, पांढरा वाढवा! अहो, नदी झोपली!’ मी वाढवायचो.”

“आणि आता?”

“अकरा वर्षं झाली तिला जाऊन… नदी झोपलीय का जागी, मला कसं कळायचं?”

केतकीची एसटी चुकली. रात्री लॉजवर तिला झोप लागली नाही.

सकाळी तिनं रंगांची पेटी नाट्यगृहाच्या दाराशीच ठेवली. एकेक रांग मागं टाकत गेली आणि शेवटच्या रांगेतल्या धुळकट खुर्चीवर बसली.

फराट्यांचं पाणी झालं होतं. फक्त घाटाच्या पायरीशी ते थांबल्यासारखं वाटत होतं.

“अण्णा,” ती म्हणाली, “पायरीशी… नदी झोपलीय.”

अण्णांनी पांढऱ्या रंगात कुंचला बुडवला.

“मोठ्यानं वरड,” ते म्हणाले. “पारू एवढी हळू बोलायची न्हाई.”